मॅडम लिऊंच्या दारातला केर

आता तुम्हीच सांगा, सणाच्या दिवशी शेजारणीच्या दारातला केर काढला, यात माणसाचं चुकलं काय? नाही, सांगाच. एवढी शहाणी मंडळी बसलाय समोर... आणि काढला तोही गोदामातल्या खराट्यानं नाही, नव्याकोऱ्या केरसुणीनं. दुबईत, बर दुबई भागातल्या देवळाच्या गल्लीत जाऊन आणलेली, पाच दिरहमची, म्हणजे साठ रुपये झाले हो, साठ रुपयांत आमच्या बार्शीत केरसुणी विकणारी बाई अंगण झाडून वर सडा टाकून गेली असती! पण म्हटलं असू दे, सण आहे. हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, लक्ष्मी ती, आणि मग आतून बाहेर, आतून बाहेर, अशी लख्ख केली जागा की फरशीत तोंड बघून भांग पाडावा. आणि बदल्यात मला काय मिळालं? चिनी भाषेतल्या शिव्या. तुम्हाला सांगतो, धंद्यापायी मला पाचसहा देशांच्या शिव्या ओळखता येतात, पण या अगदीच नवीन होत्या... आणि आज ही जी मी कंबर धरून उभा आहे ना तुमच्यासमोर, ती त्याच केरामुळं. हेतू चांगला होता हो माझा!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. माझा धंदा प्लॅस्टिकचा. बादल्या, टब, डबे, झाकणं, झाकणाविना डबे आणि डब्यांविना झाकणं. राहतो दुबईत, अल मनखूलला, गोदाम शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात. शिक्षण आठवी, त्यातलंही बरंचसं वर्गाबाहेर उभं राहून झालेलं. पण माणूस वाचायला शिकलो. गिऱ्हाईक दारात आलं की ते घ्यायला आलंय की नुसतं एसीत बसायला आलंय, हे मी त्याच्या चपलेवरून सांगतो. असा मी, मधूशेठ, आणि मला शेजारची बाई तीन वर्षांत वाचता आली नाही, बघा!

ही शेजारीण म्हणजे मॅडम लिऊ. आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं गोदाम, प्लॅस्टिकच्या फुलांचं. चीनच्या पार वरच्या, थंडीच्या मुलखातल्या. बाई उंच, आणि खांदे असे की कपाट हलवायला दोन माणसं बोलवायच्या ऐवजी त्यांनाच हाक मारावी. हिंदी शिकल्या त्या गिऱ्हाइकांकडून, त्यामुळं रागात, लोभात, तापात, कशातही त्यांचं वाक्य 'लास्ट प्राइस' या चालीवरच संपायचं. नवरा तिकडे माल भरायचा, आणि मुलगी, यिंग, आजीजवळ गावी. दोन वर्षं माय-लेकींची भेट नाही. पोरीच्या व्हिसाचे कागद दिलेले, आणि बाईंच्या मनात एकच, की नवीन वर्ष नीट लागलं की पोर येणार. इन्शाल्ला म्हणायच्या. चिनी बाईच्या तोंडून इन्शाल्ला ऐकलंय कधी? त्यालाही 'लास्ट प्राइस'चीच चाल!

आता यात रस्सी कुठनं आली म्हणाल. तर रस्सी होतीच. आमच्या गोदामांच्या मागं वाळूचा एक पट्टा आहे, तिथं शुक्रवारी दुपारची नमाज झाली की खेळ. आणि खेळांचा राजा म्हणजे रस्सीखेच, आम्ही मराठी एका बाजूला आणि समोरच्या गॅरेजवाल्या कमरुद्दीनची मल्याळी फौज दुसऱ्या बाजूला. अहो, त्यांची आठ माणसं म्हणजे रोज हातानं इंजिनं उचलणारी! आणि आमच्याकडं कोण, तर दोन अकाउंटंट, एक विमेवाला, एक दातांचा डॉक्टर... पोटं भरपूर, पण पोटानं रस्सी ओढता येत नाही. कायम हरायचो. हरणाऱ्यानं पुढच्या शुक्रवारी सगळ्यांना जेवण वाढायचं असा नियम, आणि वाढून वाढून आमच्या दातांच्या डॉक्टराचा हात असा बसला होता की तो पेशंटला पण 'अजून थोडं?' म्हणायचा.

आमच्यात एकच खरा गडी, वसंतराव. शेवटचा माणूस, रस्सी कमरेला गुंडाळून उभा राहिला की सांगलीच्या साखर कारखान्याची चिमणीच. आणि नेमके जानेवारीत हे वसंतराव पुतणीच्या लग्नाला सांगलीला गेले. दोन हजार चार साल. आता शेवटाला कोण? मी चहा पीत दारात उभा, हाच विचार करत, आणि समोर काय बघतो, मॅडम लिऊंचं फोर्कलिफ्ट बंद पडलेलं आणि बाई पट्टा खांद्यावरून घेऊन आख्खं पॅलेट ओढत आत नेतायत. मी चहा खाली ठेवला. म्हटलं, मॅडम, फ्रायडे को फ्री है क्या?

तर त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, त्यांच्या गावात नवीन वर्षात सगळं गाव रस्सी ओढतं. बाया, म्हातारे, नव्या सुना, सगळे. अर्धं गाव इकडे, अर्धं तिकडे, आणि जिकडे रस्सी येते तिकडे वर्षभराचं नशीब येतं. लहानपणापासून ओढत आल्यात म्हणे. मी कमरुद्दीनला घाबरत घाबरत विचारलं, बाईमाणूस चालेल का, तर तो म्हणाला, "क्यों नहीं मधूभाई, हमारा उम्मा तुम्हारा दो अकाउंटंट को एक हाथ से खींचेगा." उम्मा म्हणजे त्याची आई. झालं! टीम तयार. आयुष्यात पहिल्यांदा मला जिंकायची स्वप्नं पडायला लागली, आणि स्वप्नात कमरुद्दीन मला भात वाढतोय, 'अजून थोडं?'

आणि मग उजाडला तो शुक्रवार. त्यांच्या वर्षाचा दुसरा दिवस. मी सकाळी गोदामावर पोचलो, बघतो तर मॅडमचं शटर अर्धं उघडं, आत कोणी नाही, कामगार सुट्टीवर, आणि दारात ही घाण! लाल कागदाचे तुकडे, फुटलेले फुगे, संत्र्याच्या साली, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं... इथं फटाक्यांना बंदी, म्हणून बाईंनी लाल कागद फाडून उधळले होते आणि फुगे फोडले होते, हे मला मागाहून कळलं. मला त्या वेळी एवढंच दिसलं की बिचारी बाई सणाला एकटी, केर काढायला माणूस नाही. आणि माझ्या डोक्यात आपली दिवाळी! लक्ष्मीपूजनाला आपण काय करतो? नवी केरसुणी आणतो, पुजतो, लख्ख घरात लक्ष्मी येते. साधा हिशोब. केरसुणी गाडीत होतीच, हेमानं घरासाठी मागवलेली. हेमा म्हणजे आमची सौभाग्यवती. म्हटलं, हेमाला दुसरी आणू, ही शेजारधर्माला.

झाडलं. टरफलन् टरफल. दोन पिशव्या गच्च बांधल्या, नाक्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकल्या, आणि केरसुणी हळदकुंकवासकट दारात भेट म्हणून उभी ठेवली. वाटलं, बाई येतील, डोळ्यांत पाणी येईल...

पाणी आलं, पण कसलं! बाई यिंगला फोन करायला कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात गेल्या होत्या. आल्या, दारात थबकल्या, जमीन बघितली, केरसुणी बघितली, मला बघितलं. आणि मग सुरू झालं... अर्धं चिनी, अर्धं हिंदी, मधूनमधून खलास, खलास. त्यातनं मला जे उमगलं ते असं, की त्यांच्यात वर्षाच्या पहिल्या चार दिवसांत दारात केर काढायचाच नाही. तो केर नसतो, ते नशीब असतं! जे झाडून बाहेर टाकाल ते वर्षभरासाठी गेलं. शटर पण म्हणूनच अर्धं उघडं ठेवलेलं, नशीब आत यावं म्हणून. आणि मी काय केलं? आत आलेलं नशीब आतून बाहेर, आतून बाहेर, वर पिशवीला गाठ मारून शारजाच्या कचऱ्यात! हेतू चांगला होता हो माझा!

तेवढ्यात हेमा जेवणाचे डबे घेऊन टॅक्सीतून उतरली, बरोबर आमची अस्मी. हेमानं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं अशी बघायला लागली जशी झाकण न बसणाऱ्या डब्याकडं बघते. म्हणाली, अहो, आपल्यातसुद्धा तिन्हीसांजेला केर काढत नाहीत, लक्ष्मी जाते. म्हटलं, मी सकाळी काढला! तर अस्मी, तेरा वर्षांची कार्टी, म्हणते, "डॅड, दॅट्स नॉट द पॉइंट." मग पॉइंट काय आहे बाई? या घरात तो मला कधी कुणी सांगतच नाही.

आणि मॅडम? कार्टनवर बसल्या त्या बसल्याच. म्हणाल्या, मैं नहीं खींचेगा. मेरा लक खलास.

म्हणजे बघा, एका केरसुणीत माझी टीमही गेली आणि त्या बाईचं वर्षही गेलं! मी धावलो नाक्यावर. डबा रिकामा. कचऱ्याची गाडी येऊन गेलेली. तोवर आमची टीम जमलेली, नव्या बनियनांत, पाठीवर वाघ छापलेला. म्हटलं चढा पिकअपमध्ये, यल्ला! आणि मागं सहा वाघ उभे करून मी शारजात कचऱ्याच्या गाडीचा पाठलाग केला. दोन चौक गेलो, तिसऱ्याला गाडी गाठली, आडवी घातली. ड्रायव्हर जहूर, पेशावरकडचा पठाण, दाढीला मेंदी, शांतपणे खाली उतरला. विचारलं त्यानं, क्या गिरा, सोना? म्हटलं, नहीं भाई, नसीब गिरा. तुम्हाला सांगतो, दुसरा कुणी असता तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं. या माणसानं थोडा विचार केला आणि एवढंच विचारलं, "किसका?"

मी सगळं सांगितलं. चिनी बाई, पोर, रस्सी. तो म्हणाला, सकाळपासून सगळ्या लाइनीचा कचरा उचललाय, कुणाचं नशीब कुठलं ते तुम्हीच ओळखा. मग काय, आमचे दातांचे डॉक्टर हातमोजे घालून आत! तेलाची फडकी, टायरचे तुकडे, मासळीची डोकी, आणि त्यातून एकेक लाल कागद ते असा नाजूकपणे काढतायत, जशी अक्कलदाढ. एक पिशवीभर जमलं. जहूरला म्हटलं शुक्रिया, तर तो म्हणतो, मी पण येतो, मला बघायचंय पुढं काय होतं. आणि आला! आख्खी कचऱ्याची गाडी घेऊन आला.

मी पिशवी मॅडमसमोर ठेवली. त्यांनी उघडली, वास घेतला आणि बंद केली. म्हणाल्या, ये मेरा लक नहीं. ये मछली है.

आता हसू नका. मलाही हसायला येत होतं, पण बाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, "यिंग अभी फोन पे पूछा, मम्मी, इस साल? मैं बोला, हां, इस साल. सब ठीक रखा है." मी केरसुणी हळूच पाठीमागं, भिंतीला टेकवून लपवली.

हेमा त्यांच्याशेजारी कार्टनवर जाऊन बसली. या दोघींची भाषा कुठली ते मला आजवर कळलेलं नाही, पण तासन्तास चालते. हेमानं विचारलं, मॅडम, वो आपके गाव का रस्सी, जिधर आता उधर लक आता, सच्ची? मॅडम म्हणाल्या, सच्ची. तर हेमा म्हणते, फिर खींच के वापस लाओ ना.

तुम्हाला सांगतो, माणसाला वाटतं धंदा आपण चालवतो! मॅडम उठल्या. शटरकडं बघितलं, बाहेरच्या जागेकडं बघितलं, शटर धाडकन पूर्ण वर केलं आणि हुकूम सोडला, पीछे मेरा दरवाजा. उधर से इधर खींचो. म्हणजे मागच्या वाळूत नाही, त्यांच्या दारासमोर! आमची पाठ दाराकडं, आणि रस्सी ओढत ओढत यायचं ते उंबऱ्याच्या आत.

कमरुद्दीन नमाजेहून आला, त्याला जागा का बदलली ते सांगितलं, आणि माणूस एकदम मऊ पडला. त्याची स्वतःची दोन पोरं तिकडे केरळात, मलप्पुरमला, दोन वर्षांनी एकदा भेटतात. त्याच्या आठातल्या सगळ्यांचं तेच. कपाळाला हात लावून म्हणाला, ये क्या टेंशन देता मधूभाई, हम जीतेगा तो उसका बेटी नहीं आएगा? मी बोलायच्या आत अस्मी म्हणाली, "नो प्रेशर, अंकल."

पंच कोण? तर जहूर. ना मराठी, ना मल्याळी. त्यानं गाडीचा हॉर्न वाजवला आणि खेच सुरू!

आणि चमत्कार! अहो, रस्सी अशी सरसर आमच्याकडं यायला लागली की मला वाटलं वाघ जागे झाले. मग बघतो तर कमरुद्दीनची माणसं ओढतच नव्हती हो, आमच्या मागं मागं अशी चालत येत होती, जशी वरातीतली पाहुणेमंडळी! तोंडानं मात्र 'हैश्शा, हैश्शा'. मीही ओढत राहिलो. फुकट मिळतंय ते घ्यावं, हा माझा धंद्यातला पहिला धडा. पण मॅडमनी रस्सीच सोडून दिली. लालबुंद झाल्या. "चोरी का लक नहीं चाहिए. कमरू, पूरा खींचो. हम भी पूरा."

कमरुद्दीननं मान डोलावली, लुंगी वर खोचली, आणि मग जे काय खेचलं त्यांनी... आई आई! माझे नवे बूट काँक्रिटवर असे सरकायला लागले की तळव्यातनं धूर निघतोय असं वाटलं. विमेवाला माझ्या कानात स्तोत्र म्हणतोय, डॉक्टरांचे दात वाजतायत, हेमा ओरडतेय 'अहो, पोट आत घ्या', आत काय घ्या, ते जागेवर आहे म्हणून तर मी उभा आहे! आणि आमच्या सगळ्यांच्या मागं, उंबऱ्याला टाचा लावून, मॅडम लिऊ. हलेनात. इंचभर हलेनात. आठ इंजिनवाले एकीकडं आणि एक फूलवाली एकीकडं, आम्ही बाकीचे मधे वाळत घातलेल्या कपड्यांसारखे. किती वेळ गेला देव जाणे. आणि मग माझा पाय पडला कशावर माहितीय? केरसुणीवर! मीच मघाशी लपवलेली, भिंतीला टेकवून, ती घसरून पायात आलेली.

मी उताणा. माझ्यावर विमेवाला, त्याच्यावर अकाउंटंट, आम्ही सगळे मागं जाऊन मॅडमवर, मॅडम आत, आणि रस्सी मॅडमच्या कमरेला! त्यामुळं समोरची आख्खी फौज, कमरुद्दीन पुढं, एकामागोमाग एक, उडत आली ती उंबऱ्यावरून सरळ गोदामात, गुलाबाच्या कार्टनवर. कार्टनं फुटली, वरून प्लॅस्टिकच्या पाकळ्यांचा असा पाऊस, आणि खाली सोळा माणसं, कुणाचा पाय कुणाचा ते कळेना!

कमरुद्दीन ढिगातनंच ओरडला, फाऊल, मधूभाई पहले गिरा, हम जीता. खरंय, जो बसला तो बाद, नियमच आहे. आम्ही म्हटलं, पण रस्सी आत आली! सगळ्यांनी जहूरकडं बघितलं. तो दारात उभा, दाढी कुरवाळत. म्हणाला, "सब अंदर आ गया. बाहर कोई नहीं. खलास. चाय किधर है?"

आणि मॅडम? केसांत गुलाबाच्या पाकळ्या, कमरेला रस्सी, आणि बाई बोट दाखवून माणसं मोजत होत्या. मोजली, आणि जे हसायला लागल्या... नवीन वर्षात घरात जितकी माणसं चालत येतील तितकं नशीब म्हणे, आणि ही तर उडत आली होती! मग कुणाला जाऊ देतायत? आतल्या फ्रीजमधनं ताटंच्या ताटं निघाली. सणाला त्या उकडीच्या करंज्या करतात, आत कोबी आणि अंडं, आपली माणसं जमवून सगळ्यांनी मिळून करायच्या आणि सगळ्यांनी मिळून खायच्या अशी रीत. बाईंनी एकटीनं बसून ढीगभर केल्या होत्या. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. हेमानं एक उचलून उलटीसुलटी बघितली आणि म्हणाली, मुरड छान आहे, पण जरा जवळ जवळ घाला. मग दोघी पीठच घेऊन बसल्या. कमरुद्दीननं गॅरेजमधनं पराठे मागवले, आमचे डबे उघडले, जहूर उकडीची करंजी चहात बुडवून खात होता...

मी बघितलं, खाली सगळीकडं टरफलं, साली, पाकळ्या, वाळू. सवयीनं हात केरसुणीकडं गेला. सगळे चार भाषांत एकदम ओरडले, नको!

बरं, एवढ्यावर संपलं असतं तर मी तुमच्यापुढं असा वाकून उभा असतो का? पाचव्या दिवशी, नेमकी सव्वीस जानेवारी, मी कॉन्सुलेटला झेंडावंदनाला जायला पांढरा सदरा घालून तयार, आधी गोदामाचं कुलूप बघायला आलो, तर मॅडम दारात. हातात माझीच केरसुणी, हळदकुंकू अजून तसंच. म्हणाल्या, आज पाचवा दिवस, आज झाडायचं, आज दारिद्र्य बाहेर जातं. आणि केरसुणी माझ्या हातात! हेतू चांगला होता ना तुमचा, तो आता वापरा म्हणे. सोळा माणसांचा केर, कार्टनं, कोनाड्यातल्या पाकळ्या... पांढरा सदरा दुपारी तिरंगा झाला, एक रंग जास्तच.

पाडव्याच्या सुमाराला यिंग आली. एअरपोर्टवर आम्ही सगळे, कमरुद्दीनची फौजसुद्धा. आता ती कशामुळं आली यावर आजही वाद आहे. कमरुद्दीन म्हणतो आमची आठ माणसं आत गेली म्हणून, जहूर म्हणतो निकाल त्यानं दिला म्हणून, हेमा म्हणते तिनं सुचवलं म्हणून. मी म्हणतो, अरे, केरसुणी पायात आली नसती तर तुम्ही आत पडला असता का? लक्ष्मीच होती ती! कोण ऐकतं...

तर आता तीन वर्षं झाली. दर वर्षी त्यांच्या सणाला दुसऱ्या दिवशी रस्सी, मग आत पडणं, मग करंज्या, माणसं वाढतच चाललीयत, आणि पाचव्या दिवशी झाडायला मी. रीतच पडली म्हणे, रीत मोडली तर नशीब जातं. आज पाचवा दिवस होता. सकाळपासून वाकलोय. आमची अस्मी दारात उभी, कानाला फोन, म्हणते, "डॅड, यू मिस्ड अ स्पॉट." आणि तिच्याशेजारी ती यिंग, बारा वर्षांची, हेमाच्या हाताखाली तयार झालेली, कमरेवर हात ठेवून मला स्वच्छ बार्शीच्या मराठीत सांगते, "काका, कोपरा राहिलाय बघा."

काढला हो, कोपराही काढला.